टचपॅड अचानक निपचित पडलाय, काय काय तपासू?

आंबोलीचा पाऊस · १४ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सावंतवाडी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळेची यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती भरायचं काम माझ्याकडे असतं आणि ते मी घरच्या लॅपटॉपवर करते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला लॅपटॉप आहे, विंडोज ११ वर चालतो.

परवापासून त्याचा टचपॅड चालत नाही. बोट कितीही फिरवा, बाण जागचा हलत नाही. मधूनच पाच-दहा मिनिटं चालतो आणि परत थांबतो. की-बोर्ड ठीक आहे. शाळेतला यूएसबी माउस आणून लावला. तो चालतो, पण त्यातही मी काही न करता मजकूर निळा होत जातो, सिलेक्ट केल्यासारखा. गेले दोन-तीन आठवडे टचपॅडचं क्लिक कडक लागत होतं. आमच्याकडे पावसात दारंसुद्धा फुगून कडक होतात, तसंच काही असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

बाजारातल्या एका दुकानात दाखवला. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "मदरबोर्ड गेलाय मॅडम, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." उघडूनसुद्धा पाहिला नाही. नवीन लॅपटॉप घ्यायची माझी आत्ता तयारी नाही. घरी काय तपासता येईल ते कृपया सांगा. मी शांतपणे एकेक करून बघीन.


खटपट्या · १४ जुलै, रात्री ९.४५

ताई, न उघडता मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याचं ऐकून लगेच काही करू नका. टचपॅड बंद पडायची कारणं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी फुकटात सुटतात.

आधी सगळ्यात साधं. की-बोर्डच्या वरच्या रांगेत एफ ५, एफ ७ किंवा एफ ९ अशा एखाद्या बटणावर छोट्या चौकोनाचं चित्र असेल, त्यावर काट किंवा बोट काढलेलं. ते टचपॅड चालू-बंद करायचं बटण. कधीकधी त्याच्यासोबत डाव्या कोपऱ्यातलं एफएन दाबून धरावं लागतं. टायपिंगच्या ओघात ते चुकून दाबलं जातं आणि माणूस आठवडाभर हैराण होतो. काही लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली तरी तो बंद होतो. तिथे बारीकसा दिवा किंवा ठिपका आहे का पाहा.

मग विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत टचपॅड टाइप करा आणि एंटर मारा. सेटिंगचं पान उघडेल. टॅबने खाली उतरत जा, स्पेसने चालू-बंद होतं. त्याच पानावर 'माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' असा पर्याय आहे, त्याची खूण असू द्या.

आणखी एक. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला टचपॅडशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम, अडकलेलाच राहतो. म्हणून मेनूतून रीस्टार्टच करा.


घाटमाथा · १४ जुलै, रात्री १०.०२

माउसच्या सेटिंगबद्दल +१. माझ्या वडिलांचा टचपॅड चार महिने "बिघडलेला" होता. वायरलेस माउस केव्हाच हरवला होता, पण त्याचा नखाएवढा डोंगल यूएसबीच्या खाचेत तसाच राहिलेला. विंडोजला वाटायचं माउस लावलेला आहे, म्हणून टचपॅड बंद. डोंगल उपटला आणि टचपॅड चालू झाला. ताई, सगळ्या खाचा एकदा बघून घ्या.


आंबोलीचा पाऊस · १५ जुलै, सकाळी ६.३०

दोघांचेही आभार. चौकोनाचं चित्र एफ ७ वर आहे. दाबलं की पडद्यावर टचपॅड चालू, टचपॅड बंद असं येतं, म्हणजे बटण काम करतंय. चालू आहे असं दिसतं, तरी बाण हलत नाही. सेटिंगमध्येही चालूच आहे. डोंगल वगैरे काही नाही. रीस्टार्ट तीनदा केलं. पहिल्यांदा दोन मिनिटं चालला, मग पुन्हा थांबला.


खटपट्या · १५ जुलै, सकाळी ८.१५

छान, म्हणजे तो मुद्दा निकालात निघाला. आता डिव्हाइस मॅनेजर. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, मग एम. यादी उघडेल. बाणाच्या बटणांनी खाली जात 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस' या ओळीवर या आणि उजवा बाण दाबून ती उघडा. त्यात 'आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस' असं काही दिसतं का, आणि त्यावर पिवळं उद्गारचिन्ह आहे का?

आय-टू-सी म्हणजे टचपॅड आणि मदरबोर्ड यांच्यात बोलणं चालतं ती दोन तारांची वाट. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅड याच वाटेने जोडलेला असतो. तिचा स्वतःचा वेगळा ड्रायव्हर असतो. तो बिघडला की टचपॅड अगदी चांगला असूनही विंडोजला दिसत नाही. नवीन विंडोज टाकताना टचपॅड चालत नाही आणि लोक घाबरतात, त्याचंही बहुतेकदा हेच कारण.

पिवळं चिन्ह असेल तर त्यावर डिलीट दाबून डिव्हाइस काढून टाका आणि रीस्टार्ट करा, विंडोज ते पुन्हा शोधून बसवतं. नुकतंच एखादं अपडेट आलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर रोल बॅक आहे, तेही करून बघता येतं.


मिनेसोटातून · १५ जुलै, सकाळी ८.५०

इथे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी बसते. अशा दिवसांत माझा टचपॅड दोनदा गोठला होता. लॅपटॉप बंद करायचा, चार्जर आणि जोडलेलं सगळं काढायचं, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं. आत साठलेला चार्ज निघून जातो आणि टचपॅडचा कंट्रोलर पहिल्यापासून सुरू होतो. कोकणातल्या जुलैत स्थिर विजेचा संबंध नसेल, पण अडकलेला कंट्रोलर सोडवायला तिथेही चालेल. खर्च काही नाही.


वायरमन निवृत्त · १५ जुलै, दुपारी १.२०

एक प्रश्न. चार्जर लावलेला असताना बंद पडतो की बॅटरीवरही?

हे विचारायचं कारण असं. टचपॅड बोटाचा दाब ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथली धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, किंचित बदलते. हा बदल फार लहान असतो. घरात अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या बॉडीवर चार्जरमधून गळती येते. मीटर लावला तर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मं व्होल्टेज दिसतं. करंट नगण्य असतो, पण धातूच्या बॉडीवर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात त्या याच्याच. एवढ्या गोंधळात टचपॅडला बोटाची चाहूल लागायची कशी? बाण उड्या मारतो, नाहीतर सरळ थांबतो.

चाळीस वर्षं वायरिंग केलं. तीन पिनच्या प्लगमधली वरची जाडजूड पिन अर्थची. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे सगळ्यात आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. इतका विचार करून बनवलेली वस्तू, आणि लोक दोन पिनांचा अडॉप्टर लावून ती निकामी करतात. जुन्या घरांत तर सॉकेटला अर्थचं भोक असतं आणि मागे वायरच नसते. माझी कळकळीची विनंती आहे, हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने परवानाधारक वायरमनकडून घरातलं अर्थिंग एकदा तपासून घ्यावं. लॅपटॉपपेक्षा गिझर आणि वॉशिंग मशिनसाठी जास्त.


गच्चीवरची बाग · १५ जुलै, दुपारी ३.४०

काका, तुम्ही माझंच दुखणं सांगितलंत! नाशिकला भाड्याच्या घरात राहते. चार्जर लावला की टचपॅडवर बाण थरथरतो, दोन बोटांनी पान सरकवलं तर भलतीकडेच जातं. काढला की लगेच शहाणा. दोन वेळा ड्रायव्हर बदलून झाले. आत्ता तुमचं वाचून तोच लॅपटॉप, तोच चार्जर शेजारच्या काकूंच्या नव्या वायरिंगच्या खोलीत लावून पाहिला. एकदम सुरळीत! घरमालकांशी आजच बोलते.


वायरमन निवृत्त · १५ जुलै, दुपारी ४.०५

बोला, आणि टाळाटाळ करू देऊ नका. तोपर्यंत टचपॅडचं काम चार्जर काढून करा. नळाच्या पाइपला अर्थ जोडून देतो असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा.


आंबोलीचा पाऊस · १५ जुलै, संध्याकाळी ७.२५

शाळेतून आल्यावर सगळं एकेक करून पाहिलं. आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस दिसतं, पिवळं चिन्ह नाही. तरी काढून रीस्टार्ट केलं, ते परत आलं, टचपॅड तसाच. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, फरक नाही. चार्जर काढून बॅटरीवर अर्धा तास ठेवला, तेव्हाही बंद. झिणझिण्या कधी आल्या नाहीत.

एक शंका आहे. स्वयंपाक करता करता ओल्या हातानेही मी टचपॅड वापरलाय. पाण्याने तो कायमचा जातो का?


जुनी पाटी · १५ जुलै, रात्री ८.१०

ओल्या बोटाने कायमचा जात नाही ताई. पाणी वीज वाहतं, त्यामुळे थेंब पडला की जाळीला तिथेही बोट आहे असं वाटतं आणि ती गोंधळते. पुसून कोरडा केला की पूर्ववत होतो. पाणी कडेच्या फटीतून आत उतरलं तर मात्र वेगळी गोष्ट. पेनाचं टोक किंवा नख चालत नाही तेही याच कारणाने, त्यांच्याने धारकता पुरेशी बदलत नाही.

या विषयावर मला फार प्रेम आहे म्हणून थोडं विषयांतर करतो. लॅपटॉपवर आधी ट्रॅकबॉल असायचा, अंगठ्याने फिरवायचा गोळा. त्याच्या फटीत धूळ आणि बोटांचा मळ जाऊन तो सतत अडायचा. १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत गोळ्याच्या जागी सपाट ट्रॅकपॅड आला आणि हळूहळू सगळीकडे तोच झाला. टचपॅड बनवणारी सिनॅप्टिक्स ही कंपनी १९८६ मध्ये फेडेरिको फॅजिन आणि कार्व्हर मीड यांनी काढली. फॅजिन म्हणजे इंटेलच्या ४००४ या १९७१ सालच्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक. सिनॅप्टिक्सची सुरुवात मेंदूसारखं शिकणाऱ्या चिपांच्या संशोधनातून झाली होती. बोटाचा माग काढणारी पाटी त्या वाटेवर हाती लागली आणि तिनेच कंपनी उभी केली. रोज ज्याच्यावर बोट फिरवतो त्याच्यामागे एवढी मोठी माणसं आहेत हे आठवलं की मला बरं वाटतं.


नर्मदाकाठ · १५ जुलै, रात्री ८.४०

आता दोष विंडोजचा की यंत्राचा हे एकदाचं ठरवू. लॅपटॉप सुरू होताना एफ २ किंवा डिलीट दाबत राहून बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथे विंडोज नसतंच. पडद्यावर बाण दिसत असेल आणि टचपॅडने हलत असेल तर यंत्र ठीक, दोष विंडोजमध्ये. बाण दिसतो पण हलत नाही, तर यंत्राकडे संशय. मात्र काही बायॉस फक्त की-बोर्डवर चालतात, बाण नसतोच, मग त्यातून काहीच ठरत नाही.

तसं असेल तर पेनड्राइव्हवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टिम, घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय' निवडा. डिस्कला धक्का लागत नाही. तिथे टचपॅड चालला तर विंडोज दोषी.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: लॅपटॉप झोपेतून उठल्यावर टचपॅड मेलेला असेल तर सगळं रीस्टार्ट करायची गरज नाही. टर्मिनलमधून आय-टू-सी एचआयडीचं मॉड्यूल काढून परत चढवा, जुन्या यंत्रांत पीएस-माउसचं. माझ्याकडे सहा वर्षं हाच उपाय चाललाय.


आंबोलीचा पाऊस · १५ जुलै, रात्री ९.३०

बायॉसमध्ये गेले. बाण दिसतो, पण टचपॅडने हलत नाही. माउसने हलतो. म्हणजे दुकानदाराचंच खरं का? थोडा धीर खचलाय. यूडायसचं काम डोक्यावर आहे.


सोल्डरगन · १५ जुलै, रात्री ११.५०

ताई, उशिरा वाचतोय. माझं रोजचं काम लॅपटॉप दुरुस्तीचं आहे, मुंबईत, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला. धागा वरपासून दोनदा वाचला. धीर सोडू नका, पण आता मी सांगतो ते उद्यावर टाकू नका.

तुमच्या पहिल्या पोस्टमधली दोन वाक्यं सगळ्यांच्या नजरेतून निसटली. क्लिक कडक लागत होतं, हे एक. आणि माउस लावला तरी मजकूर आपोआप सिलेक्ट होतो, हे दुसरं. ही दोन्ही एकत्र आली की मी आधी बॅटरी बघतो.

टचपॅडच्या पाटीखाली क्लिकचं एक बारीक बटण असतं. पाटी खालून वर ढकलली गेली की ते बटण दाबलेलंच राहतं. मग लॅपटॉपला वाटतं तुम्ही डावं क्लिक धरून ठेवलंय. म्हणून माउस फिरवला तरी मजकूर निळा होतो. पाटी वाकली की तिची स्ट्रिप, म्हणजे तिला मदरबोर्डशी जोडणारी चपटी वायर, तीही ताणली जाते, म्हणून कधी चालतो, कधी नाही. आणि पाटीच्या खाली किंवा दोन्ही बाजूंना काय असतं? पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी. तिचे सेल चपट्या पाकिटासारखे असतात. वय झालं, उष्णता लागली, सतत शंभर टक्के चार्जवर राहिली, की आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं.

तपासायला फूटपट्टी पुरे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. फूटपट्टी उभ्या कडेवर टचपॅडवर आडवी ठेवा आणि डोळा तिच्या पातळीवर आणा. मधे पट्टी टेकते आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो, तर पाटी फुगलीय. मग लॅपटॉप सपाट ओट्यावर ठेवा. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की डुगडुगतो का? झाकण पुढच्या बाजूला पूर्ण मिटतं का?

उत्तर हो असेल तर यापुढे चार्ज करू नका, चालू करू नका. फुगलेली पाटी दाबून खाली बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. हे मी घाबरवायला सांगत नाही. टोचलेल्या बॅटरीने पेट घेतलेला मी टेबलावर पाहिलाय.


आंबोलीचा पाऊस · १६ जुलै, सकाळी ५.५५

रात्री झोप लागली नाही म्हणून लवकर उठून पाहिलं. मुलीची फूटपट्टी घेतली. दोन्ही टोकांना उजेड आहे, डावीकडे जास्त. ओट्यावर ठेवला तर डुगडुगतो. झाकण पुढे बंद होतं पण मधे बारीक फट राहते. इतके दिवस रोज हात लावतेय आणि दिसलं नाही. लॅपटॉप बंद करून पडवीत दगडी पायरीवर ठेवलाय, भिजणार नाही असा. पुढे काय करू?


सोल्डरगन · १६ जुलै, सकाळी ७.३०

पायरीवर ठेवलात ते उत्तम केलंत. लाकूड, कपडे, कागद यांपासून लांब असू द्या.

बॅटरी काढायची आहे. स्वतः काढा असं मी सांगणार नाही. कंपनीचं सेवा केंद्र जवळ नसेल तर ओळखीचा, हाताने सावकाश काम करणारा माणूस शोधा आणि तुमच्या समोर उघडायला सांगा. त्याला हे दाखवा: मागचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने चिकटवायचा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला भोक पाडतो. पाठ उघडली की सर्वात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं, प्लास्टिकच्या पट्टीने किंवा नखाने. बॅटरी डिंकाने चिकटवलेली असेल तर खाली लोखंडी पेचकस घालायचा नाही. जमत नसेल तर थांबायचं, घाई करायची नाही.

बॅटरी निघाली की टचपॅडची स्ट्रिप पाहायला सांगा. तिच्या सॉकेटवर नखाएवढी काळी किंवा पांढरी पट्टी असते, ती वर उचलली की स्ट्रिप सैल होते. ओढून काढली तर सॉकेट तुटतं आणि मग खरंच मदरबोर्डचं काम निघतं. कोकणात स्ट्रिपच्या टोकांवर हिरवट थर येतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा.

बॅटरी नसताना बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. नवीन बॅटरी येईपर्यंत तुमचं काम अडणार नाही.


आंबोलीचा पाऊस · १८ जुलै, रात्री ८.२०

सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी वेळ दिलात.

माझा एक जुना विद्यार्थी कुडाळला मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करतो. चौथीत असताना वर्गातलं घड्याळ उघडून परत जोडणारा मुलगा. त्याला फोन केला तर म्हणाला, "बाई, तुम्ही येव नको, मीच येतंय." काल संध्याकाळी आला. सोल्डरगन यांचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला, त्याने कागदावर स्क्रूंचं चित्रही काढलं.

पाठ उघडली आणि आम्ही दोघं गप्पच झालो. बॅटरीच्या तीन सेलांपैकी डाव्या बाजूचा उशीसारखा फुगला होता आणि टचपॅडची पाटी खालून उचलून धरली होती. कनेक्टर सोडवून, चिकटपट्टी हळूहळू ओढत त्याने ती काढली. अर्धा तास लागला. स्ट्रिपच्या टोकांवर खरंच हिरवट थर होता, तो पुसला.

मग बॅटरीशिवाय चार्जर लावून चालू केला. मी बोट ठेवलं आणि बाण हलला. आज दिवसभर चालतोय. माउसने मजकूर निळा व्हायचंही थांबलं. डाव्या खालच्या कोपऱ्यातलं क्लिक अजून थोडं घट्ट आहे, तिथली चौकट किंचित वाकलीय म्हणाला. त्याला हात लावू नको म्हटलं.

वीज गेली की लॅपटॉप क्षणात बंद होतो, आणि आमच्याकडे जुलैत वीज किती जाते ते इथल्या लोकांना माहीत आहे. त्यामुळे प्रत्येक मुलाची माहिती भरली की लगेच जतन करते. एकशे बारापैकी सत्तर झाली. मूळ कंपनीचीच नवीन बॅटरी मागवलीय. त्याने मजुरी घेतली नाही, चहा-पोहे मात्र घेतले.

फुगलेली बॅटरी पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून पडवीत ठेवलीय. तिचं काय करू?


सोल्डरगन · १८ जुलै, रात्री ८.५५

वाचून फार आनंद झाला ताई. त्या मुलाला माझा नमस्कार सांगा, हात चांगला आहे त्याचा.

बॅटरी घरच्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे नको. तो ती ठोकून उघडेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे. नवीन बॅटरी जिथून घेताय तिथे जुनी परत घ्यायला सांगा, नाहीतर नोंदणी असलेल्या ई-कचरा संकलकाकडे द्या. कुरिअरने पाठवू नका. बिघडलेल्या लिथियम बॅटरीला विमानात मनाई असते आणि पार्सल कुठून कसं जाईल ते आपल्या हातात नसतं. देईपर्यंत डबा आहे तिथे ठीक आहे, झाकण घट्ट लावू नका.

नवीन बॅटरी आली की सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्ज थांबवायची सोय आहे का बघा. तुमचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो, म्हणून सांगतो.


गच्चीवरची बाग · १९ जुलै, सकाळी १०.१५

घरमालकांनी वायरमन पाठवला. सॉकेटमागे अर्थची वायर कापून टेप लावून ठेवलेली होती! नवीन ओढली. टचपॅड चार्जरवरही नीट चालतोय. वायरमन काका, मनापासून आभार.


पायवाट · १९ जुलै, रात्री १०.४०

आजवर फक्त वाचत होतो. आत्ता सहज फूटपट्टी ठेवून बघितली. ऑफिसचा लॅपटॉप आहे, टचपॅड व्यवस्थित चालतो, क्लिकही ठीक आहे. पण उजव्या टोकाला उजेड दिसतोय. थोडासाच. चार्जिंगला लावलेला आहे, पलंगावर. चालत असेल तर काळजी करायची का?


सोल्डरगन · १९ जुलै, रात्री १०.४३

आधी चार्जर काढा. लॅपटॉप बंद करून पलंगावरून उचला आणि फरशीवर ठेवा. उद्या ऑफिसमध्ये आयटीवाल्यांच्या हातात द्या, पट्टी ठेवून दाखवा. काढलात का?


पायवाट · १९ जुलै, रात्री १०.४६

काढला. गॅलरीत फरशीवर ठेवलाय.